प्रतिवादी कोण?

(तुर्भे, नवी मुंबई. वस्तीतल्या दोघांच्या सत्काराच्या सभेत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)



पत्रिकेवर माझ्या नावाआधी 'कवी' असं छापलंय. म्हणजे तुमची समजूत झाली असणार, हा येईल, दोन कविता म्हणेल, टाळ्या घेईल नि पाळीवर जाईल. आज कविता नाही. आज मी दाव्याबद्दल बोलणार आहे. दावा म्हणजे कोर्टातला दावा. गुरं बांधतात ते दावं वेगळं. पण ज्याला पहिला कळत नाही, त्याच्या गळ्यात दुसरं पडतं, हे ध्यानात ठेवा.

मी दहावी पास माणूस. उरणच्या बंदरावर नि आजूबाजूच्या गोदामांत कंटेनर खाली करतो. वकील नाही. इंग्रजी मला कंटेनरच्या दारावरच्या अक्षरांपुरतं येतं. पण आपल्यातल्या एका वकील मित्राच्या घरी रात्री बसून मी कागद वाचून घेतले. एकेक वाक्य त्याच्याकडनं फोडून घेतलं. तेच तुमच्यापुढं टाकतो.

आजच का? तर आज आपण दोघांना हार घातलेत. एक ताई मेडिकलला लागली. तिची आई मार्केटात कांदा निवडते. एक मित्र महापेच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला. त्याचा बाप कचऱ्याच्या गाडीवर आहे. आपल्या वस्तीतून एक डॉक्टर नि एक इंजिनियर. बँजो वाजला, पेढे वाटले, सगळं बेस झालं. पण हार उद्या सुकतील. परवा ही पोरगी होस्टेलात एकटी असेल नि हा पोरगा काचेच्या इमारतीत एकटा असेल. तिला कुणीतरी विचारील, नीटला रँक किती होती गं? ह्याला कुणीतरी विचारील, पूर्ण नाव काय तुझं? राहतोस कुठं? विचारणाऱ्याला ना रँकशी घेणं असतं, ना पत्त्याशी. त्याला जात काढायची असते. आपल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे, पण हार घालताना कुणी बोलत नाही. मी बोलतो.

आधी माझ्या पाळीवरची गोष्ट सांगतो.

दोन वर्षांमागं आमच्या टोळीतला एक जण कंटेनर खाली करत होता. दार उघडलं तसा आत कलंडलेला माल त्याच्या अंगावर आला. पाय गेला, गुडघ्याखाली. आम्ही गोदामाच्या हापिसात गेलो. साहेब म्हणाला, हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदाराकडं गेलो. तो म्हणाला, मी नुसती माणसं पुरवतो, काम गोदामाचं आहे. मुकादमाकडं गेलो. तो म्हणाला, अरे मी तर तुमच्यातलाच. शेवटी पोलिसांत नोंद झाली कुणावर? फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या पोरावर. वय एकवीस. परभणीकडचा. आपल्याच जातीचा. जामिनाला त्याच्याकडं दमडी नव्हती. आम्हीच वर्गणी काढली. म्हणजे पाय आमचा गेला, आरोपी आमचा झाला, नि जामिनाचे पैसेही आमच्याच खिशातून गेले. गोदामाला त्या दिवशी एक तासाचंसुद्धा नुकसान झालं नाही.

त्या संध्याकाळी मी कंटेनरच्या दाराकडं बघत बसलो. दारावर चार अक्षरं नि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरं मालकाची खूण. तो डबा जगातल्या कुठल्याही बंदरात पडू द्या, मालक कोण ते दारावर लिहिलेलं असतं. लोखंडाच्या डब्याला मालक आहे. पाय गेलेल्या माणसाला मालक सापडत नाही.

तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या डोक्यात भुणभुणतोय. प्रतिवादी कोण?

आता कायद्याची बाराखडी. आपण पोलीस ठाण्यात जातो ते फौजदारी. तिथं आरोपी लागतो, बहुतेकदा हाडामांसाचा. गुन्हा शंकेला जागा न ठेवता शाबीत करावा लागतो. शाबीत झाला तर तुरुंग. दिवाणी दाव्यात वादी असतो नि प्रतिवादी असतो. प्रतिवादी कंपनी असू शकते, विद्यापीठ असू शकतं, नगरपालिका असू शकते. तिथं तुरुंग नाही, पण कोर्ट सांगू शकतं, भरपाई दे, हे बंद कर, तुझा नियम बदल. रिट अर्ज, जनहित याचिका ह्या वेगळ्या वाटा, पण त्याही संस्थेच्या नि सरकारच्या दारात जातात. फौजदारी माणसाला पकडते. ह्या वाटा घराला पकडतात, ज्या घरात तो माणूस माजला.

आपण पहिल्या वाटेनं शंभर वेळा गेलो. दुसऱ्या वाटेनं फार थोडे गेले. आणि सवर्ण? ते कायम दुसऱ्याच वाटेनं गेले. हे मी हवेत बोलत नाही, दाखले देतो.

पहिला दाखला आपल्याच जिल्ह्याशेजारचा. मी जिथं पाळी करतो ते उरण रायगडात, नि महाडही रायगडात. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यानंतर काय झालं? आधी काठ्या चालल्या. आपल्या माणसांची डोकी फुटली. पण काठीनं भागलं नाही तेव्हा महाडच्या स्पृश्यांनी कोर्ट धरलं. डिसेंबरात दिवाणी दावा लावला, तळं आमचं खाजगी आहे म्हणून. 14 डिसेंबर 1927 ला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्या दाव्यात प्रतिवादी कोण? भीमराव रामजी आंबेडकर आणि इतर.

बाबासाहेब प्रतिवादी होते, मित्रांनो. एका घोट पाण्यासाठी. त्या हुकुमामुळं 25 डिसेंबरच्या परिषदेला हजारो माणूस जमूनही तळ्याच्या पाण्याला हात लावला नाही. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली. ती होळी सगळ्यांना आठवते, फोटो लागतात, देखावे होतात. पण तो दावा पुढं दहा वर्षं चालला, हे कितीजणांना माहीत आहे? बाबासाहेब मध्ये गोलमेज परिषदेला गेले, पुणे करार झाला, येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, नि दावा चालूच. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टानं शेवटचा निकाल दिला. तळं अनादि काळापासून स्पृश्यांपुरतंच आहे ही वहिवाट शाबीत झाली नाही, असं कोर्ट म्हणालं. आपण जिंकलो. एक घोट पाणी, नि दहा वर्षांचे कागद. बाबासाहेबांनी ते कागद हातचे सोडले नाहीत.

दुसरा दाखला मेडिकलचा. ताई, नीट ऐक. मद्रास राज्यात सरकारी हुकूम होता. कॉलेजातल्या दर 14 जागांपैकी 6 ब्राह्मणेतर हिंदूंना, 2 मागास हिंदूंना, 2 ब्राह्मणांना, 2 हरिजनांना, उरलेल्या दोन ख्रिश्चन नि मुसलमानांना. हरिजन हा त्यांचा शब्द, माझा नव्हे. राज्यघटना लागू झाली नि चंपकम दोराईराजन ह्या ब्राह्मण बाई कोर्टात गेल्या. म्हणाल्या, मेडिकलला मला जातीमुळं जागा मिळणार नाही. गंमत बघा, त्यांनी प्रवेशाचा अर्जसुद्धा केलेला नव्हता. नुसत्या न मिळणाऱ्या जागेसाठी त्या गेल्या. प्रतिवादी कोण? कारकून नाही, प्राचार्य नाही. मद्रास राज्य. सुप्रीम कोर्टानं 1951 ला त्यांच्या बाजूनं निकाल दिला, हुकूम रद्द केला. मग त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करावी लागली, तेव्हा आपल्या शिक्षणातल्या जागा वाचल्या. कायदेमंत्री कोण होते तेव्हा, ते मी सांगायला नको.

तिसरा दाखला अमेरिकेचा, तोही मेडिकलचाच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल कॉलेजात 100 जागा. त्यातल्या 16 काळ्या नि इतर अल्पसंख्य पोरांसाठी राखून ठेवलेल्या. ॲलन बाकी नावाचा गोरा इंजिनियर, त्याला दोनदा प्रवेश नाकारला. तो कुठं गेला? 16 पोरांपैकी कुणाच्या अंगावर नाही गेला. विद्यापीठाच्या कारभारी मंडळावर दावा ठोकला. 1978 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं राखीव जागांची ती पद्धत मोडली, नि त्याला प्रवेश द्यायला लावला.

आता हे तिन्ही जोडून बघा. तळं असो, मद्रासचं मेडिकल असो, अमेरिकेचं मेडिकल असो. वरच्याला ओरखडा उठला की तो सरळ संस्थेला, नाहीतर अख्ख्या चळवळीच्या पुढाऱ्याला प्रतिवादी करतो. एका जागेसाठी नियमच उलटवतो. आणि आपण? आपला जीव जातो, तेव्हा आपण एका माणसाचं नाव लिहून येतो.

जीव जातो म्हणालो. नाव घेतो आता. पायल तडवी.

जळगावची. तडवी भिल्ल, आदिवासी, धर्मानं मुसलमान. वय सव्वीस. मुंबईत नायर हॉस्पिटलला जोडलेलं टोपीवाला मेडिकल कॉलेज, तिथं बाळंतपणाच्या विभागात ती पुढचं शिक्षण घेत होती. आपल्याच आयाबहिणींची बाळंतपणं करायला शिकत होती. 22 मे 2019 ला तिनं होस्टेलात जीव दिला. वरच्या वर्गातल्या तीन डॉक्टर बायांवर आरोप झाला, जातीवरून टोमणे मारले, छळलं, काम शिकू दिलं नाही. ॲट्रॉसिटी लागली, रॅगिंगविरोधी कायदा लागला, आत्महत्येला भाग पाडल्याचं कलम लागलं. अटक झाली. ऑगस्टात हायकोर्टानं जामीन दिला. 2020 च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं त्यांना शिक्षण पुरं करायला त्याच कॉलेजात परत जाऊ दिलं. 2025 उजाडलं तरी खटल्याचा निकाल नव्हता. त्या दोषी की निर्दोष, ते कोर्ट ठरवील, मी इथं उभा राहून ठरवणार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. अटक तिघींना. पण होस्टेल कुणाचं? विभाग कुणाचा? आईचं म्हणणं आहे की छळाबद्दल आधीच सांगितलं होतं. मग ऐकून घ्यायचं काम कुणाचं होतं? आमच्या गोदामासारखंच झालं हे. साहेब म्हणतो माझा माणूस नाही. ठेकेदार म्हणतो माझं काम नाही.

आणि मेडिकलमध्ये हे नवं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये आपल्या पोरांशी कसं वागतात, ते बघायला सरकारनं 2006 ला समिती नेमली. अध्यक्ष सुखदेव थोरात, आपल्या अमरावती जिल्ह्यातले. 2007 ला अहवाल आला. होस्टेलात पोरं वेगळी पडलेली, मास्तरांची वागणूक वेगळी, सगळं लिहून आलं. पण समिती शिफारस करते. शिफारशीला दात नसतात. 2012 ला विद्यापीठ अनुदान आयोगानं नियम केले, दर कॉलेजात समान संधी कक्ष पाहिजे, भेदभावाची तक्रार घेणारा अधिकारी पाहिजे. नियम छापले गेले. ताई, तुझ्या कॉलेजात गेल्या गेल्या पहिल्या आठवड्यात विचार, तो अधिकारी कुठं बसतो. बघ कितीजण तोंडाकडं बघतात.

म्हणून दोन आया उठल्या. पायलची आई आबेदा तडवी, नि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला. रोहित 17 जानेवारी 2016 ला गेला. ह्या दोघी 2019 ला सुप्रीम कोर्टात गेल्या. आपल्या पोरांच्या मारेकऱ्यांना फाशी द्या, एवढंच मागायला गेल्या नाहीत. त्यांनी प्रतिवादी केलं सरकारला नि आयोगाला. तुमचे नियम आहेत, ते चालत का नाहीत, हे विचारलं. रांगेत उभं राहायचं शिकवलं नव्हतं कुणी त्यांना, पण त्या बरोबर खिडकीवर गेल्या. लेकरू गमावलेल्या दोन बायांना जे कळलं, ते आपल्या पुढाऱ्यांना पन्नास वर्षांत कळलं नाही.

सहा वर्षं त्या थांबल्या. 2025 च्या जानेवारीत कोर्टानं आयोगाला विचारलं, किती तक्रारी आल्या, काय केलंत, आकडे द्या. 2026 च्या जानेवारीत आयोगानं नवे नियम काढले. लगेच खुल्या गटातले लोक कोर्टात धावले, आणि तो महिना संपायच्या आत सुप्रीम कोर्टानं त्या नियमांना स्थगिती दिली. आयांना सहा वर्षं लागली, त्यांना महिनाही लागला नाही. त्यांना वाट पाठ आहे, मित्रांनो. आपल्याला ती अजून शोधावी लागते.

आता सॉफ्टवेअरवर येतो. मित्रा, तुझ्यासाठी.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात सॅन होजे नावाचं शहर आहे. तिथं सिस्को ही कंपनी. इंटरनेट ज्या यंत्रांतून नि ज्या सॉफ्टवेअरवरून धावतं, ते बनवणारी. तिथं आपला एक दलित इंजिनियर कामाला होता, पवईच्या आयआयटीत शिकलेला. पवई म्हणजे आपल्या खाडीपलीकडं. त्याचा साहेबही भारतातलाच, त्याच आयआयटीतला, वरच्या जातीचा. तक्रारीत म्हटलंय, साहेबानं दुसऱ्यांना सांगितलं की हा शेड्यूल कास्ट आहे, राखीव जागेवर आयआयटीत आला. सात समुद्र ओलांडले, पण जात त्याच्याआधी विमानातून उतरून टेबलावर बसलेली! त्यानं 2016 ला कंपनीच्या माणसांकडं तक्रार केली. तक्रारीतल्या म्हणण्याप्रमाणं त्याला उत्तर मिळालं, जातीवरून भेदभाव हा इथं बेकायदेशीर नाही. मग तो एकटा पाडला गेला, कामं काढून घेतली गेली. हे सगळं दाव्यातलं म्हणणं. कंपनी ते नाकारते, तेही सांगतो. खोटं बोलून आपला दावा मोठा होत नाही.

पण पुढं जे झालं ते बघा. 30 जून 2020 ला कॅलिफोर्निया सरकारच्या खात्यानं स्वतः वादी होऊन दावा लावला. फेडरल कोर्टात लावला, म्हणजे साऱ्या अमेरिकेच्या केंद्राच्या कोर्टात, दिवाणी. 1964 चा तिथला नागरी हक्क कायदा पुढं केला, काळ्या माणसांनी रस्त्यावर रक्त सांडून मिळवलेला. त्या कायद्यात वंश आहे, रंग आहे, धर्म आहे, लिंग आहे, देश आहे. जात हा शब्द नाही. तरी खात्यानं सांगितलं, जात ह्यातच येते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो दावा फेडरल कोर्टातून काढून कॅलिफोर्निया राज्याच्या कोर्टात नव्यानं लावला. आणि प्रतिवादी कोण? दोन साहेब होतेच, पण पहिलं नाव कंपनीचं. 2023 च्या एप्रिलमध्ये खात्यानं त्या दोन साहेबांवरचे दावे मागं घेतले. कंपनीवरचा ठेवला. आमच्या बंदराच्या भाषेत सांगतो, फोर्कलिफ्टवाल्याला सोडला, गोदामाला धरून ठेवलं.

आपण 1972 ला अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून नाव उसनं आणलं. 2020 ला अमेरिकेच्या कोर्टाला आपल्याकडून एक शब्द घ्यावा लागला. जात. उसनं फिटलं, पण किती लाजिरवाणी वस्तू आपण निर्यात केली! 2023 च्या फेब्रुवारीत सिएटल शहरानं जातीवरून भेदभावाला बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसाच कायदा मंजूर केला. ऑक्टोबरात गव्हर्नरनं सही नाकारली. म्हणजे तिथंही भिंत आहेच. पण भिंतीवर लाथ बसली.

आणखी एक गोष्ट त्या दाव्यातली, जी वाचून मी रात्रभर झोपलो नाही. त्या इंजिनियरचं नाव दाव्यात नाही. 'जॉन डो' असं लिहिलंय. तिकडं निनावी माणसाला असं म्हणतात, आपल्याकडं अ ब क म्हणतात तसं. नाव का नाही? तर जात उघड झाली तर भारतातल्या घरच्यांना त्रास होईल. ह्यावर तिथल्या वरच्या कोर्टापर्यंत भांडण गेलं. 2022 ला त्या कोर्टानं सांगितलं, दूरदेशी राहणाऱ्या घरच्यांना होऊ शकणारा धोकाही विचारात घ्यायला हवा. म्हणजे सॅन होजेतल्या माणसाला तिथल्या कोर्टापेक्षा आपल्या इथल्या गावाची भीती जास्त! अमेरिकेतल्या कोर्टानं आपल्या देशाबद्दल ह्याहून वेगळं काय लिहायला पाहिजे?

आता मित्रा, तुझ्या महापेवर ये. समजा हेच तुझ्याशी झालं. तुझ्या बाजूनं कुठलं सरकारी खातं वादी होऊन कंपनीवर दिवाणी दावा लावील? कुठलंच नाही. राज्यघटनेचं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं. अस्पृश्यता सतराव्या कलमानं गेली, ॲट्रॉसिटीचा कायदा 1989 ला आला, पण ते फौजदारी. शिवी दिली, चारचौघांत अपमान केला, तर लागतो. पण साहेबानं शिवीच दिली नाही, नुसतं तुला मीटिंगला बोलावलं नाही, बढती दिली नाही, जेवताना टेबलावरून उठून गेला, तर? काय कलम लावशील? खाजगी कंपनीला जातभेदासाठी दिवाणी जाब विचारणारा कायदा ह्या देशात नाही. ज्या देशात जात जन्माला आली, तिथं नाही! ऐरोली ते महापे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, शेतं घेतली, खाडी बुजवली, टॉवर चढवले, पण त्या काचेच्या आत जातीला आडवणारा एक कागद कुणी चढवला नाही.

कुणी म्हणेल, मग ॲट्रॉसिटी सोडायची का? अजिबात नाही. ती आपल्या हातातली काठी आहे, कुणी काढून घ्यायला आला तर त्याचा हात मोडू. पण काठीनं माणूस हटतो, भिंत हटत नाही. भिंतीला पहार लागते.

आणि कुणी म्हणेल, कोर्ट काय आपलं आहे का? नाही. मला त्याचा भरवसा आहे असं मी म्हणत नाही. बंदरावर क्रेनही आपली नसते, पण माल तिनंच उचलावा लागतो. मोर्चा सोडायचा नाही. मोर्च्याच्या हातात कागद द्यायचा.

कसला कागद? तेच शेवटी सांगतो. बंदरावर टॅली क्लार्क असतो. किती नग उतरले, किती फुटके, किती वाजता, कुठल्या कंटेनरातून, सगळं जागेवर लिहितो. भांडण झालं की कुणाचा आवाज मोठा हे कुणी बघत नाही. टॅली काढतात. आमच्या पाय गेलेल्या माणसाची टॅली नव्हती. त्या दिवशी गेटच्या रजिस्टरात त्याचं नाव कुणी लिहिलं होतं की नाही, इथपासून घोळ. म्हणून तो हरला. पाय गेला म्हणून हरला नाही, नोंद नव्हती म्हणून हरला.

तर ह्या दोघांसाठी मी शालीऐवजी वह्या आणल्यात. दोनशे पानी. ह्यात टॅली ठेवायची. तारीख. वेळ. जागा. कोण बोललं, कोण ऐकत होतं. शब्द जसाच्या तसा, सभ्य करून नाही. साक्षीदार नंतर उलटला तरी वही उलटत नाही. मेसेज आला तर पुसू नका, त्याची प्रत घरच्या माणसाला पाठवा. कंपनीच्या मेलवर सगळं ठेवू नका, नोकरी गेली की त्याच दिवशी मेल बंद होते.

तक्रार तोंडी करायची नाही. साहेब चहा पाजेल, पाठीवर हात ठेवील, म्हणेल, बस, आपण बोलून घेऊ. बोलून घ्यायचं नाही. लिहून द्यायचं. आणि वर नाव कुणाचं लिहायचं? ज्यानं छळलं त्याचं आत मजकुरात. वर 'प्रति' म्हणून संस्थेचं. कॉलेजचं, विद्यापीठाचं, कंपनीचं. तुमच्या छपराखाली हे झालं, तुम्ही काय केलंत, हे विचारायचं. दोन प्रती काढायच्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्यायची. पोच. पोच नसलेली तक्रार म्हणजे न केलेली तक्रार. उद्या कोर्टात ते म्हणतील, आम्हाला ठाऊकच नव्हतं. तेव्हा तो शिक्का बोलेल.

आणि मंडळाला माझं सांगणं. जयंतीला डीजेवर जेवढा पैसा जातो, त्यातला थोडा बाजूला काढा. महिन्यातून एक रविवार वकील बसवा समाजमंदिरात. ज्याची पोच असेल तो येईल, ज्याची नसेल त्याला ती कशी घ्यायची ते शिकवा. आणि एक मागणी आपण सगळ्यांनी धरून बसायची. खाजगी कंपनी असो, खाजगी मेडिकल असो, जातीचा भेद झाला तर संस्थेवर दिवाणी दावा चालला पाहिजे, नि वादी म्हणून सरकार उभं राहिलं पाहिजे. कॅलिफोर्नियाचं सरकार आपल्या पोरासाठी उभं राहू शकतं, तर महाराष्ट्राचं का नाही? फुले, शाहू, आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्यांचं भाषण सुरू होत नाही, त्यांना हे विचारा.

ताई, मित्रा, शेवटचं. तुमच्यावर वेळ आली तर एक करू नका. जीव देऊ नका. रोहित गेला, पायल गेली. त्यांच्या फोटोला हार घालून घालून आपले हात भरून आले. एखाद्या रात्री छाती दाटून आली तर वस्तीत फोन करा. कितीही वाजू द्या, मी नाहीतर माझ्या टोळीतला कुणीतरी रात्रपाळीला जागाच असतो. आम्ही येऊ, सगळी टोळी येईल, होस्टेलच्या दारात उभी राहील. पण तुम्ही राहा. हुतात्मे आपल्याकडं पुष्कळ झाले. आता वादी पाहिजेत.

वह्या मी देणार नाही. ताईच्या आईनं वर यावं, मित्राच्या बापानं वर यावं. ज्यांनी कांदा निवडून नि कचरा उचलून ही पोरं इथवर आणली, त्यांच्याच हातानं पहिली वही जाऊ द्या. पहिल्या पानावर मी एकच ओळ लिहून ठेवलीय. ती कविता नाही. प्रश्न आहे. प्रतिवादी कोण?

उत्तर तुम्ही लिहायचं.

जयभीम.